‘परमिशन डिनाइड’ दिसले की आधी काय पाहावे: लिनक्समधल्या फाइल-परवानग्या

गावच्या नाट्यमंडळाचा एक जुना संगणक आहे असे धरू. फोंड्याकडच्या एखाद्या देवळाच्या अग्रशाळेतल्या खोलीत तो ठेवलेला आणि त्यावर उबुंटू हे लिनक्स घातलेले. जत्रेच्या नाटकाची संहिता, वर्गणीचा हिशेब, जुन्या प्रयोगांचे फोटो, सगळे त्यातच. खाती चार: दिग्दर्शक, सचिव, खजिनदार आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांसाठी ‘पाहुणा’. जत्रा आठ दिवसांवर आली. दिग्दर्शकाने दुसऱ्या अंकात बदल केले, सचिव प्रती काढायला बसला आणि पडद्यावर आले ‘परमिशन डिनाइड’. अशा वेळी सल्ला देणारा एक जण हमखास असतो: ‘सगळ्या फोल्डरला ७७७ मार, सुटेल.’ सुटते खरे. पण मग पाहुण्यालाही खजिनदाराचा हिशेब उघडता येतो, बदलता येतो आणि पुसताही येतो.

हे टाळून काम कसे करायचे ते याच संगणकावर पाहू. सांगितलेले बहुतेक सगळे कुठल्याही लिनक्सवर चालते, आणि परवानग्यांचा मूळ नियम मॅक व बीएसडीवरही तोच आहे.

लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. सीएचमॉड म्हणजे सी, एच, एम, ओ, डी. सूडू म्हणजे एस, यू, डी, ओ; ती आधी लावली की पुढची कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने चालते. अक्षर मोठे हवे असेल तिथे तसे सांगितले आहे. फाइल आणि फोल्डर यांची नावे लिनक्सवर खुशाल देवनागरीत ठेवा, चालतात. खात्यांची आणि गटांची नावे मात्र रोमनमध्येच ठेवावीत.

पायरी १: ती दहा अक्षरे वाचणे

संहितेच्या फोल्डरमध्ये जाऊन ही कमांड द्या:

एलएस -एल

प्रत्येक फाइलसाठी एक ओळ येते. तिच्या सुरुवातीला दहा अक्षरे सलग असतात. इथे सोयीसाठी मोकळी करून दाखवतो:

- | आर डब्ल्यू - | आर - - | - - -

पहिले अक्षर प्रकार सांगते: नुसती रेघ म्हणजे साधी फाइल, डी म्हणजे फोल्डर, एल म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणारी लिंक. पुढची नऊ अक्षरे तीन-तीनच्या तीन कप्प्यांत पडतात. पहिला कप्पा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. आर म्हणजे वाचणे, डब्ल्यू म्हणजे लिहिणे, एक्स म्हणजे चालवणे. रेघ असेल तिथे ती परवानगी नाही. तेव्हा वरची फाइल मालकाला वाचता-लिहिता येते, गटाला फक्त वाचता येते, इतरांना काहीच नाही. त्याच ओळीत पुढे मालकाचे आणि गटाचे नाव असते. ते वाचायला विसरू नका, निम्मी उत्तरे तिथेच असतात.

फोल्डरच्या स्वतःच्या परवानग्या पाहायच्या तर एलएस -एलडी आणि पुढे फोल्डरचे नाव. नुसते -एल दिले तर फोल्डरच्या आतला ऐवज दिसतो, आणि नवखा माणूस आतल्या फाइलींच्या परवानग्यांनाच फोल्डरच्या परवानग्या समजतो.

आकड्यांचा हिशेब सोपा आहे. आर चे ४, डब्ल्यू चे २, एक्स चा १. प्रत्येक कप्प्याची बेरीज करा. वरची फाइल ४+२, ४, ० म्हणजे ६४०. रोजच्या कामात लागणारे आकडे मोजकेच आहेत: खासगी फाइल ६००, गटाने वाचायची ६४०, गटाने बदलायची ६६०; फोल्डरसाठी अनुक्रमे ७००, ७५० आणि ७७०.

पायरी २: तुम्ही कोणत्या कप्प्यात?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात. तिन्ही कप्प्यांची बेरीज होत नाही. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, क्रमाने विचारतो: हा माणूस मालक आहे का? असेल तर फक्त पहिला कप्पा पाहायचा आणि थांबायचे. मालक नाही, पण फाइलीच्या गटात आहे का? मग फक्त दुसरा कप्पा. दोन्ही नाही तरच तिसरा. याचा विचित्र परिणाम असा की ०४४ परवानगीची फाइल मालक सोडून बाकी सगळ्यांना वाचता येते. स्वतःच्या फाइलीवर करून पाहा. मालकाला परवानग्या बदलण्याचा हक्क मात्र कायम असतो, त्यामुळे सीएचमॉड ६४४ देऊन तो परत आत येतो.

गटाचा कप्पा सुरुवातीपासून नव्हता. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये मालक आणि मालकेतर एवढेच दोन वर्ग होते, आणि ‘चालवण्याची’ खूण सगळ्यांसाठी मिळून एकच होती. गट पुढच्या आवृत्त्यांत आला.

आपण कोण आणि कोणकोणत्या गटांत, हे ‘आयडी’ ही कमांड सांगते. काही अडले की पहिली कमांड हीच द्यावी. रूट हा अपवाद: त्याला वाचण्या-लिहिण्याच्या या अटी लागू होत नाहीत. पण फाइल चालवायची तर तीनपैकी कुठल्या तरी एका कप्प्यात एक्स असावाच लागतो, रूटलासुद्धा.

पायरी ३: फोल्डरचे आर, डब्ल्यू, एक्स वेगळे असतात

फाइलीच्या परवानग्या दहा मिनिटांत कळतात. घोळ होतो तो फोल्डरचा. फोल्डर म्हणजे नावांची यादी. आर म्हणजे ती यादी वाचण्याची मुभा. डब्ल्यू म्हणजे यादीत नाव घालण्याची, खोडण्याची, बदलण्याची मुभा. एक्स म्हणजे उंबरठा ओलांडण्याची मुभा: आतल्या वस्तूपर्यंत पोचता येणे. उंबरठा ओलांडता येत नसेल तर यादीत खाडाखोडही करता येत नाही, म्हणून एक्सशिवाय डब्ल्यू काही कामाचा नाही.

हे वाचून पटत नाही, करून पटते. आपल्या होममध्ये, म्हणजे खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, या तीन कमांड द्या (पहिली फोल्डर बनवते, दुसरी त्यात ‘नमस्कार’ लिहिलेली फाइल, तिसरी परवानग्या बदलते):

एमकेडीआयआर चाचणी
एको नमस्कार > चाचणी/अंक१
सीएचमॉड ४०० चाचणी

आता एलएस -एल चाचणी द्या. ‘अंक१’ हे नाव दिसते, पण परवानगी, मालक, आकार या सगळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हे, आणि शेजारी परमिशन डिनाइडची तक्रार. यादी वाचता आली, वस्तूपर्यंत पोचता आले नाही. मग उलटे करा:

सीएचमॉड १०० चाचणी

आता एलएस -एल चाचणी साफ नकार देते, पण कॅट चाचणी/अंक१ म्हटले की ‘नमस्कार’ छापून येतो. नाव ठाऊक असेल तर आत जाता येते, यादी मात्र मागायची नाही. शेवटी सीएचमॉड ७०० चाचणी देऊन फोल्डर पूर्ववत करा.

यातूनच पुढची गोष्ट निघते, आणि ती बहुतेकांना चुकीची वाटते: फाइल पुसण्यासाठी त्या फाइलीची परवानगी लागत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचे डब्ल्यू आणि एक्स लागतात. पुसणे म्हणजे यादीतले नाव खोडणे. दिग्दर्शकाने संहितेला ४४४ देऊन ‘कुलूप’ लावले तरी फोल्डर गटाला लिहिण्यासाठी खुले असेल तर सचिव आरएम देऊन ती उडवू शकतो. आरएम एकदा विचारते, ही लिहिण्यापासून राखलेली फाइल पुसू का. वाय म्हटले की गेली.

पायरी ४: मंडळाचे सामायिक फोल्डर बांधणे

आधी गट तयार करा आणि तिघांना त्यात घाला. गटाचे नाव ‘नाटक’, टाइप करताना रोमनमध्ये:

सूडू ग्रुपअ‍ॅड नाटक
सूडू यूजरमॉड -एजी नाटक दिग्दर्शक

दुसरी ओळ सचिव आणि खजिनदार यांच्यासाठीही द्या. -एजी मधला ए छोटा आणि जी मोठा. हा ए विसरू नका. ए म्हणजे ‘आहेत त्या गटांत भर घाल’. तो गाळला तर जुने सगळे जोड-गट जाऊन एकटा ‘नाटक’ उरतो. तुमचे खाते सूडू गटातून बाहेर पडते आणि ते परत घालायला सूडूच चालत नाही. मंडळाच्या संगणकावर सूडूचा हक्क असलेले खाते एकच असेल तर रिकव्हरी मोडमध्ये जाऊन निस्तरावे लागते.

गटात घातले की लगेच काही बदलत नाही. चालू सत्र जुनीच गट-यादी घेऊन बसलेले असते. पूर्ण लॉगआउट करून परत आत या आणि ‘आयडी’ देऊन नाटक हा गट दिसतो का ते पाहा. ‘सगळे बरोबर केले तरी चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

फोल्डर कुणाच्या होममध्ये करू नका. उबुंटू २१.०४ पासून नव्या खात्यांचे होम ७५० असते, म्हणजे इतरांना त्याचा उंबरठाच बंद. आतल्या फोल्डरला कितीही परवानग्या दिल्या तरी सचिव तिथवर पोचणार नाही. सामायिक ऐवजासाठी मुळापाशी, म्हणजे ‘/’ मध्ये, एसआरव्ही नावाचे फोल्डर असते, तिथे करा:

सूडू एमकेडीआयआर -पी /एसआरव्ही/नाटक/संहिता /एसआरव्ही/नाटक/हिशेब
सूडू सीएचजीआरपी नाटक /एसआरव्ही/नाटक /एसआरव्ही/नाटक/संहिता
सूडू सीएचमॉड ७५० /एसआरव्ही/नाटक
सूडू सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/नाटक/संहिता
सूडू सीएचओन खजिनदार /एसआरव्ही/नाटक/हिशेब
सूडू सीएचमॉड ७०० /एसआरव्ही/नाटक/हिशेब

सीएचजीआरपी गट बदलते, सीएचओन (सी, एच, ओ, डब्ल्यू, एन) मालक. बाहेरचे फोल्डर रूटच्या मालकीचे ठेवले, कारण तिथे डब्ल्यू असलेला माणूस ‘संहिता’ हे फोल्डरच दुसऱ्या नावाने हलवू शकतो. हिशेबात खजिनदाराशिवाय कोणी नाही. पाहुणा गटात नाही, म्हणून तो बाहेरच्या दारातच अडतो.

२७७० मधला पहिला २ म्हणजे सेटजीआयडी. फोल्डरवर तो असला की आत तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलीला फोल्डरचा गट मिळतो. तो नसेल तर दिग्दर्शकाने केलेली फाइल ‘दिग्दर्शक’ या त्याच्या स्वतःच्या गटाची होते आणि सचिव परत बाहेर. एलएसमध्ये गटाच्या एक्सच्या जागी छोटा एस दिसला की समजावे तो लागला. मोठा एस दिसला तर सेटजीआयडी आहे, पण खाली एक्स नाही. काहीतरी चुकले आहे. आणखी एक खोच: फोल्डरवर नंतर नुसते सीएचमॉड ७७० दिले तरी लिनक्सवरचे नेहमीचे सीएचमॉड हा २ काढत नाही. काढायचाच तर जी-एस असे लिहा.

पायरी ५: नव्या फाइली कोणत्या परवानगीने जन्मतात

गट बरोबर आला तरी गटाला लिहिता येईलच असे नाही. ते यूमास्क ठरवतो. कार्यक्रम (प्रोग्राम) साधारणपणे फाइल ६६६ ने आणि फोल्डर ७७७ ने मागतात. यूमास्कमध्ये जी परवानगी असेल ती त्यातून झाकली जाते. ०२२ असेल तर फाइल ६४४, ००२ असेल तर ६६४, ०७७ असेल तर ६००. पुष्कळ ठिकाणी याला वजाबाकी म्हणतात. ती नव्हे. यूमास्क ०३३ ठेवा, वजाबाकीने ६३३ यायला हवे, प्रत्यक्षात येते ६४४; जी परवानगी मुळात मागितलीच नव्हती ती काढणार कशी?

प्रत्येकाच्या खात्यात यूमास्क ००२ करत बसता येते, पण कुठला कार्यक्रम कुठून सुरू झाला यावर तो लागू होणे-न होणे अवलंबून राहते. आमच्या मते सामायिक फोल्डरलाच डिफॉल्ट एसीएल, म्हणजे आत जन्मणाऱ्या फाइलींसाठी परवानग्यांची जादा यादी, लावणे अधिक खात्रीचे:

सूडू सेटएफएसीएल -डी -एम जी::आरडब्ल्यूएक्स,ओ::--- /एसआरव्ही/नाटक/संहिता

ही कमांड सापडली नाही तर ‘एसीएल’ नावाचे पॅकेज घाला. यानंतर त्या फोल्डरमध्ये जन्मणाऱ्या फाइलींना यूमास्क लागत नाही, साधी फाइल ६६० ने येते, आणि आत केलेल्या नव्या फोल्डरलाही हाच वारसा जातो. एलएस -एलडी मध्ये परवानग्यांच्या शेवटी अधिकचे चिन्ह दिसू लागते. ते दिसले की दहा अक्षरांत सगळी हकीकत नाही. गेटएफएसीएल देऊन पूर्ण पाहा.

एकमेकांच्या फाइली पुसता येऊ नयेत म्हणून काही जण २७७० ऐवजी ३७७० करतात. तो जास्तीचा १ म्हणजे स्टिकी बिट: फाइल फक्त तिचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट पुसू शकतो. सगळ्यांसाठी खुले असलेले टीएमपी फोल्डर यावरच चालते, त्याचा आकडा १७७७. पण काही एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून ती जुनीच्या जागी ठेवतात. स्टिकी असेल तर दुसऱ्याच्या फाइलीवर ते त्यांना जमत नाही आणि सेव्ह अडते. दुरुस्त्या चालू असलेल्या संहितेला स्टिकी लावू नये. छापून झालेल्या जुन्या संहितांच्या फोल्डरला चालेल.

अडलेच, तर

पूर्ण वाट तपासा, फक्त शेवटची फाइल नाही. त्यासाठी नेमआय ही कमांड आहे, एन, ए, एम, ई, आय:

नेमआय -एल /एसआरव्ही/नाटक/संहिता/अंक२.ओडीटी

मुळापासून फाइलीपर्यंतचा प्रत्येक फोल्डर, त्याचे मालक, गट, परवानग्या एकाखाली एक. वरून खाली येत, तुमच्या कप्प्यात एक्स नसलेली पहिली ओळ शोधा. अडथळा तिथे.

संदेशही नीट वाचा. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे वाटेत किंवा फाइलीवर परवानगी कमी पडली. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणजे बहुधा ते काम करण्याचा हक्कच तुमच्याकडे नाही: दुसऱ्याच्या फाइलीवर सीएचमॉड, किंवा रूट नसताना सीएचओन. फाइल दुसऱ्याच्या नावावर करणे लिनक्सवर रूटलाच जमते. गट मात्र मालक स्वतः बदलू शकतो, पण तो ज्या गटात आहे त्यांच्यापुरताच.

डाउनलोड्समधून एमव्हीने आणलेली फाइल ही नेहमीची अडचण. सीपी नवी फाइल बनवते, म्हणून तिला सामायिक फोल्डरचा गट मिळतो. एमव्ही त्याच डिस्कवर फक्त नाव हलवते, जुना गट आणि जुन्या परवानग्या तशाच राहतात. दुरुस्ती:

सूडू सीएचजीआरपी -आर नाटक /एसआरव्ही/नाटक/संहिता
सूडू सीएचमॉड -आर यू=आरडब्ल्यूएक्स,जी+आरडब्ल्यूएक्स,ओ= /एसआरव्ही/नाटक/संहिता

दोन्हीकडे -आर मोठा, आणि दुसऱ्या ओळीतले दोन्ही एक्स मोठे. मोठा एक्स फोल्डरना चालण्याची परवानगी देतो आणि फाइलींपैकी ज्यांना ती आधीपासून आहे त्यांनाच. म्हणून ओडीटी आणि जेपीजी उगाच ‘चालवण्याजोग्या’ होत नाहीत. पण कोणी आधीच सगळ्याला ७७७ मारले असेल तर मोठा एक्सही फसतो, कारण प्रत्येक फाइलीवर एक्स आहेच. तेव्हा फाइंड वापरा, फाइलींसाठी वेगळी आणि फोल्डरसाठी वेगळी ओळ:

सूडू फाइंड /एसआरव्ही/नाटक/संहिता -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ६६० {} +
सूडू फाइंड /एसआरव्ही/नाटक/संहिता -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७० {} +

७७७ चा हाच प्रयोग चुकून यूएसआर किंवा ईटीसी या सिस्टीमच्या फोल्डरांवर झाला तर मात्र सूडूच बंद पडते. सूडूच्या फाइलीवर सेटयूआयडी ही खूण असते, ती रूटच्या अधिकाराने चालावी म्हणून. आकड्यातले सीएचमॉड फाइलीवरून ती पुसून टाकते. डेनिस रिची यांना १९७९ मध्ये या कल्पनेचे अमेरिकन पेटंट मिळाले होते. आपला पासवर्ड बदलणारी कमांड ४७५५ ने उभी असते ती याच खुणेमुळे. अशा वेळी सिस्टीम पुन्हा घालणे हाच बहुधा कमी वेळाचा मार्ग.

दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच या सोयीची खासगी किल्ली उलट बाजूने अडते. परवानगी जास्त झाली की ती किल्ली वापरायलाच नकार मिळतो. किल्लीला ६००, तिच्या फोल्डरला ७००.

पेन ड्राइव्हवर सीएचमॉडचा परिणाम होत नाही, कारण फॅट आणि एक्सफॅट या रचनांत युनिक्सचे मालक, गट, परवानग्या साठवायला जागाच नाही. दिसतात त्या परवानग्या पेन ड्राइव्ह जोडताना (माउंट करताना) सगळ्या फाइलींना सरसकट दिलेल्या असतात. पेन ड्राइव्हवरून नेलेली संहिता परत आणली की ती आणणाऱ्याच्या नावावर येते. परवानग्यांसकट न्यायचे असेल तर टार या कमांडने एका गठ्ठ्यात बांधून न्या आणि रूट म्हणून सोडा.

टारमधून नव्या संगणकावर सोडताना एक पाहावे. डिस्कवर मालकाचे नाव नसते, आकडा असतो; उबुंटूवर पहिले खाते १०००, पुढचे १००१, १००२. टारमध्ये नाव आणि आकडा दोन्ही असतात, आणि नाव जुळले तर टार नावानेच मालक लावते. पण जुनी डिस्कच काढून नव्या संगणकाला जोडली तर जुळवायला फक्त आकडा उरतो. जुन्यावर खजिनदार १००२ असेल आणि नव्यावर तिसरे खाते पाहुण्याचे उघडले असेल, तर हिशेबाचे ते ७०० चे फोल्डर पाहुण्याच्या नावावर जाते आणि खजिनदाराला परमिशन डिनाइड. खाती उघडण्याआधी जुन्या संगणकावर प्रत्येकाचा ‘आयडी’ कागदावर उतरवून घ्या आणि नव्यावर अ‍ॅडयूजरला --यूआयडी देऊन तेच आकडे द्या.